आई-बाबांना लेक डिस्ट्रिक्ट दाखवताना

जुलैत आई-बाबा इंग्लंडला आलेत, जेट लॅग अजून उतरलेला नाही, बाबा पहाटे तीनला उठून स्वयंपाकघरात भांडी वाजवतायत. म्हणजे त्यांना लेक डिस्ट्रिक्टला, म्हणजे वायव्य इंग्लंडातल्या डोंगर-सरोवरांच्या मुलखात, न्यायची हीच वेळ. 'दोन दिवस निवांत बसू, गप्पा मारू' असं ते म्हणतील. ऐकू नका. व्हिसा त्यांचा सहा महिन्यांचा आहे, रजा तुमची चार दिवसांची.

निघायचं शनिवारीच, तेही सावकाश दहाला. एम-६ महामार्गावर अख्खं मँचेस्टर तुमच्यापुढे निघालेलं असतं, त्यामुळे परक्या देशात एकटं वाटत नाही. आईने रात्री जागून तिखटमिठाचे पराठे केले असतील, तर 'कशाला, तिथे सगळं मिळतं' असं जरा वैतागून म्हणा. संध्याकाळी पाचनंतर चहाची दुकानं पटापट बंद व्हायला लागली की तेच पराठे कार पार्कात, डिकी उघडून, उभ्याने खायचे आहेत. तेव्हा आई काही बोलणार नाही. नुसती लोणच्याची बाटली पुढे करेल.

पार्किंगच्या मशीनला चिल्लर लागेल किंवा अ‍ॅप लागेल. अ‍ॅपला रेंज लागेल आणि रेंज डोंगराच्या पलीकडे असेल. बाबांनी 'किती झाले?' विचारलं तर आकडा पौंडातच सांगा. शंभराने ते स्वतःच गुणतात. खरं तर तेही सवलतीतच गुणतात.

विंडरमियर दाखवताना ते आपणच खणल्यासारखा चेहरा ठेवा. 'इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक सरोवर! सतरा किलोमीटर लांब! हिमनदीने कोरलेलं!' बाबा म्हणतील, 'हं. कोयनेला पाणी चांगलं असतं.' खचू नका, पण स्काफेल पाइकची उंची मात्र दाबून ठेवा. इंग्लंडचं सर्वोच्च शिखर ९७८ मीटर आहे आणि कळसूबाई १६४६, हे बाबांना कळलं तर पुढचे चार दिवस तेच ऐकावं लागेल.

खरी परीक्षा त्या पिवळ्या डॅफोडिल्सची. बाबांनी वर्ड्‌स्वर्थची ती कविता शाळेत इंग्रजीच्या तासाला घोकलेली असते आणि आजही पहिलं कडवं ते न अडखळता म्हणतात. गाडीत बसल्यापासून एकच प्रश्न: ती फुलं कुठे आहेत? डॅफोडिल्स मार्च-एप्रिलमध्ये फुलतात, वर्ड्‌स्वर्थला आणि त्याच्या बहिणीला अल्सवॉटर सरोवराच्या काठी ती दिसली १५ एप्रिल १८०२ रोजी, आणि आपण आलोय जुलैत. हे आधी सांगितलंत तर बेत फिसकटेल. तेव्हा थेट अल्सवॉटरच्या काठावर उभं करून सांगा. आणि मग पिवळं जे दिसेल ते दाखवा. कुरणात या दिवसांत रॅगवर्ट फुललेलं असतं. गुराढोरांना ते विषारी आहे, पण फोटोत पिवळंच येतं. बाबा हात मागे बांधून त्याच्याशेजारी उभे राहतील, आणि तो फोटो 'अखेर पाहिली!' या ओळीसकट शाळेच्या ग्रुपवर जाईल. कोणी शंका घेणार नाही. सगळ्यांनी कविताच पाठ केलेली आहे, फूल कोणी पाहिलंय?

पाऊस येईलच. आईला त्याचं काही नाही. 'आषाढ आहे, पडणारच,' म्हणते.

त्या पावसातच हार्डनॉट पासच्या घाटात गाडी घाला. रस्ता एकच गाडी जाईल एवढा, चढ काही ठिकाणी तीनास एक. समोरून कॅम्पर व्हॅन आली की तुम्हाला रिव्हर्स घ्यावा लागेल. बाबा तुम्ही नको म्हणत असताना खाली उतरतील आणि भिजत, डोंगराच्या कडेला उभे राहून 'येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स!' सुरू करतील. रिव्हर्स कॅमेरा आहे हे सांगण्यात अर्थ नाही. तोही गप्प बसतो. आई मागच्या सीटवर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत असते, त्यात तुमचं नाव ऐकू येतं.

एवढं करून त्यांना आवडतात मेंढ्या. हर्डविक जातीची कोकरं जन्मतः काळी असतात आणि वय वाढेल तशी राखाडी होत जातात, ही माहिती तुम्ही सहज द्याल आणि फसाल. कारण शेजारीच एक बाक असतो आणि आई त्यावर बसते. बाकावर बसल्यावर आई-बाबा सरोवराकडे बघत नाहीत, तुमच्याकडे बघतात. 'तुझेही केस पिकले की. झोप होते का नीट? ऑफिसात सगळं ठीक ना?'

ताबडतोब उठवा. बोट चुकेल, 'पीटर रॅबिट'वाल्या लेखिकेचं, बीट्रिक्स पॉटरचं घर राहील, सूर्य पावणेदहापर्यंत मावळत नाही म्हणून काय झालं! 'बघायला एवढं आलोय आणि बसताय काय?' म्हणा, आणि भराभर पुढे चालायला लागा.

ऑगस्टमध्ये सासू-सासरे येतायत. पार्किंगची चिल्लर आत्तापासूनच जमवायला घ्या.