फॉर्मात नसलेला माणूस

"जरा मागे घे रे गाडी." एवढंच बोललो होतो मी. तोंडातून गेलेला शब्द मागे घेता येत नाही म्हणतात, त्या दिवशी कळलं की आमच्या आतेभावाला गाडीपण घेता येत नाही.

आता गाडी कोणाची, तर माझी नाही. सगळा घोळ इथूनच सुरू होतो म्हणून नीट सांगतो. माझी गाडी सर्व्हिसिंगला गेलेली, घरी पाहुणे येणार, त्यांना स्टेशनवरून आणायचं म्हणून बायकोच्या मामांची गाडी मागून आणली, म्हणजे मागितली बायकोनेच, मी फक्त किल्ली आणायला गेलो. मामांनी किल्ली दोन्ही हातांनी दिली आणि मी गेटबाहेर पडेपर्यंत गाडीच्या मागे मागे चालत आले. सात वर्षं झाली गाडीला, पण एक चरा नाही जावईबापू, असं तीनदा सांगितलं. हा चरा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

तर स्टेशनबाहेर मला फोन आला, मागून कोणीतरी हॉर्न वाजवायला लागलं, आतेभाऊ शेजारी बसलेलाच होता, मी फोन कानाला धरून उतरलो, ते ऐतिहासिक वाक्य बोललो आणि पाठ फिरवली. मग आवाज आला. फार मोठा नाही हो, स्टीलचा डबा फरशीवर पडावा तेवढाच. वळून बघितलं तर मागचा बंपर एका बाजूने सुटून लोंबतोय, उजवा टेल लॅम्प गायब, डिकीला खोलगट वाटीसारखा पोचा, आणि ज्या खांबावर हे झालं तो खांब जिथल्या तिथे. रिव्हर्सचा बीप अजून वाजत होता. आतेभाऊ खाली उतरला, खांबाकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, हा मगाशी इथे नव्हता."

घरी काय झालं ते लिहीत नाही. बायकोने "तुमच्याकडचे लोक" एवढे दोनच शब्द उच्चारले, त्यात सगळं आलं. गाडी तिच्याकडची, धडकवणारा माझ्याकडचा आणि मध्ये मी.

हे मध्ये असणं म्हणजे काय ते विमा कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावल्यावर समजलं. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"आपण पॉलिसीहोल्डर बोलताय का सर?"

"नाही, ते आमचे मामा."

"ओके सर, मग अपघाताच्या वेळी गाडी आपण चालवत होता?"

"नाही, तो माझा आतेभाऊ."

"ओके सर. मग आपण कोण?"

मोठमोठे साधुपुरुष आयुष्यभर ज्या प्रश्नामागे फिरले तो मला टोल फ्री नंबरवर विचारला गेला. मी म्हटलं, मी गाडी मागून आणली होती. त्यावर तिने थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज आला, मग थांबला, मग ती म्हणाली, "सर, त्याला ऑप्शन नाहीये."

खरंच नाहीये. विम्याच्या जगात फर्स्ट पार्टी म्हणजे ज्याच्या नावावर पॉलिसी आहे तो, सेकंड पार्टी म्हणजे विमा कंपनी, आणि इतकी वर्षं मला वाटायचं की थर्ड पार्टी म्हणजे माझ्यासारखा मधला माणूस असणार. नाही. थर्ड पार्टी म्हणजे ज्याचं तुमच्या गाडीमुळे नुकसान झालं तो. म्हणजे खांबाचा मालक! खांबाला टवका जरी उडाला असता तरी त्याच्या मालकाला या सगळ्यात मानाची जागा होती. मला नव्हती. क्लेम करणार मामा, कारण पॉलिसी त्यांची. जबाब देणार आतेभाऊ, कारण स्टेअरिंग त्याच्या हातात. आणि धावपळ, फोन, शिव्या आणि पार्किंगचे पैसे ज्याच्याकडे, त्याचा फॉर्ममध्ये रकानाच नाही.

ओटीपी मात्र मामांच्या मोबाइलवर. मामा दुपारी दोन ते चार झोपतात, आणि कंपनीच्या सिस्टीमला नेमकी तेव्हाच जाग येते. मी फोन करायचो, मामी उचलायच्या, मामी म्हणायच्या आत्ताच डोळा लागलाय, तोवर ओटीपी मरायचा. चौथ्या वेळेला मामींनीच मेसेज वाचून दाखवला, सहाचे आकडे पाच. म्हटलं मामी एक राहिला, तर म्हणाल्या तो आधीचाच आकडा परत आहे म्हणून मी दोनदा नाही म्हटला.

गाडी गॅरेजमध्ये गेली. माझा पहिला विचार, टेल लॅम्प तरी बदलून घेऊ, मामांना दिसायला बरं. सुपरवायझर ओरडलाच, सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा विम्याचा माणूस, बघून जाईपर्यंत एक स्क्रूसुद्धा हलवायचा नाही साहेब, आधीच रिपेअर केलं तर तो बघणार काय? म्हणजे नुकसान जपून ठेवायचं, अगदी लोंबणाऱ्या बंपरसकट. मग त्याने आवाज खाली आणून सल्ला दिला, फॉर्मवर काकांचंच नाव टाका की, तेच चालवत होते म्हणून, तिसऱ्या माणसाची भानगड कशाला?

खोटं का बोलू, मला मोह झाला. पण त्या रात्री पॉलिसीचं ते मुंगीच्या अक्षरातलं पुस्तक वाचून काढलं आणि लक्षात आलं की भानगड खरं सांगण्यात नाहीच आहे. विमा मुळात गाडीचा. मालकाच्या परवानगीने, चालू लायसन्सवाला कोणीही चालवत असला तरी क्लेम बसतो, दारू वगैरे प्यायलेला नसला म्हणजे झालं. उलट ड्रायव्हरचं नाव खोटं टाकलं आणि ते उघडकीला आलं तर अख्खा क्लेम गेला. म्हणजे जिथे खरं चालतं तिथे खोटं बोलून बुडायचं. याला लॅटिनमध्ये उबेरिमा फिडेस म्हणतात, म्हणजे कमालीचा प्रामाणिकपणा, आणि १७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने हे तत्त्व ज्या खटल्यात मांडलं तो खटला चक्क एका किल्ल्याच्या विम्याचा होता. लोक किल्ले उतरवायचे विम्यात, आम्ही इथे डिकीसाठी रडतोय. आणि अजून मागे गेलं तर लंडनला लॉइड नावाच्या माणसाचं कॉफी हाउस होतं, १६८८ च्या सुमाराला, तिथे जहाजांचे विमे ठरायचे. मला हे वाचून फार बरं वाटलं. विचार करा ना, जहाजाचा मालक कॉफी पीत बसलाय आणि तिकडे लांब समुद्रात दुसराच कोणीतरी जहाज खडकावर घालतोय. म्हणजे हा धंदाच मुळी दुसऱ्याच्या हातात दिलेल्या वाहनांवर उभा आहे. त्या कप्तानानेही म्हटलं असेल, हा खडक मगाशी इथे नव्हता.

चालू लायसन्स. इथे पोटात गोळा आला. आतेभावाला फोन केला, लायसन्स आहे ना रे? म्हणाला, "आहे ना दादा, बहुतेक." या बहुतेकवर मी एक रात्र काढली. सकाळी सापडलं, जुन्या पाकिटात, एका लाँड्रीच्या पावतीला चिकटलेलं. मुदत संपायला दोन महिने बाकी. दोन महिन्यांनी धडकला असता तर सगळंच माझ्या गळ्यात होतं, म्हणजे तसं बघायला गेलं तर पोरगा वेळेवर धडकला.

मग फॉर्म. मामांच्या डायनिंग टेबलवर आम्ही तिघं. ड्रायव्हरचं नाव लिहिलं, वय लिहिलं, मग रकाना आला, विमाधारकाशी नातं. एका इंचाची जागा. मामांनी चष्मा लावला, आतेभावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बारीक अक्षरात लिहिलं, "भाचजावयाचा आतेभाऊ." त्या अख्ख्या चार पानांत मी कुठे असेन तर एवढाच, त्या षष्ठी विभक्तीत.

पुढचा रकाना, ड्रायव्हर मालकाच्या संमतीने गाडी चालवत होता का, हो किंवा नाही. मामांचं पेन हवेत थांबलं. "मी तुम्हाला दिली होती जावईबापू," मामा म्हणाले. म्हटलं हो मामा. "यांना मी त्या दिवसापर्यंत ओळखतही नव्हतो." म्हटलं हो मामा. आतेभाऊ बिचारा टेबलाच्या कडेचा रंग नखाने खरवडत होता, त्यावरही मामांची नजर गेली. नाही लिहिलं असतं तर कंपनीने हात वर केले असते, हे त्यांनाही माहीत होतं नि मलाही. बऱ्याच वेळाने त्यांनी "हो" लिहिलं, आणि लिहून झाल्यावर माझ्याकडे असं काही बघितलं की त्या एका अक्षराचं कर्ज मी अजून फेडतोय.

सर्व्हेअर आला तो सडपातळ, कमी बोलणारा माणूस. नंबर प्लेट, चॅसिस नंबर, किलोमीटरचा आकडा, सगळ्याचे फोटो काढले. बंपर अंगठ्याने दाबला, टक्क वाजला, मान हलवली. आतेभावाला विचारलं कसं झालं, तर त्याने मानेचा कोन, आरशातलं ऊन, माझ्या फोनवरच्या बोलण्याचा आवाज, असं सगळं पाच मिनिटं सांगितलं. सर्व्हेअरने लिहिलं, "रिव्हर्स घेताना खांबाला धडक." मग माझ्याकडे वळला, तुम्ही पाहिलंत? म्हटलं नाही, माझी पाठ होती. त्याने पेनाचं टोपण लावलं. बस, माझा संपूर्ण जबाब.

आणि मग मामांनी त्याला हळूच डाव्या बाजूला नेलं. मागच्या दाराच्या खाली, वाकल्याशिवाय दिसणार नाही असा वीतभर लांब चरा. "हेपण यातच झालेलं दिसतंय," मामा म्हणाले. एक चरा नसलेली गाडी! सर्व्हेअर खाली बसला, चऱ्यावरून बोट फिरवलं आणि बोट वर धरलं. टोकाला तांबूस भुकटी. "गंज आठ दिवसांत एवढा चढत नाही काका." मामा गॅरेजच्या पत्र्यांकडे बघायला लागले. मी काहीच बोललो नाही, पण आयुष्यात फार कमी वेळा गप्प राहण्यात इतकी मजा आली असेल.

मजा एस्टिमेट येईपर्यंत टिकली. क्लेम मंजूर झाला म्हणजे सगळे पैसे मिळतात असा माझा समज होता, पण मध्ये घसारा नावाचा गृहस्थ बसलेला असतो, जुन्या भागांची किंमत कमी धरणारा. मामांच्या पॉलिसीप्रमाणे प्लास्टिक आणि रबराला ५० टक्के कापले, सात वर्षांच्या गाडीच्या पत्र्याला ४० टक्के, आणि काचेला काहीच नाही. काचेला शून्य घसारा! आणि आमच्या पठ्ठ्याने मागची काच सोडून बाकी सगळं फोडलं. बंपर प्लास्टिकचा, लॅम्प प्लास्टिकचा, क्लिपा प्लास्टिकच्या. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जास्तीचं कव्हर, घेतलं असतं तर हे वाचलं असतं, पण मामांनी ते घेतलं नव्हतं कारण मी कुठे धडकवतो? वर कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेम कितीही असो पहिला ठरावीक तुकडा आपणच भरायचा. आपणच म्हणजे कोण हे सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघून ठरवलं. इथे मात्र ऑप्शन होता.

हे सगळं गिळलं असतं. पण नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट! मामांनी पाच वर्षं क्लेम न करता तो ५० टक्क्यांवर नेऊन ठेवला होता आणि घरात एखादं पदक असावं तसं त्याबद्दल बोलायचे. एक क्लेम केला की तो थेट शून्य. मग परत बिनक्लेमाच्या वर्षांनी २०, २५, ३५, ४५ असं चढत पाचव्या वर्षी ५०. मी एस्टिमेटच्या पाठीमागेच हिशेब मांडला, पहिल्या वर्षी ५० चा तोटा, मग ३०, मग २५, मग १५, मग ५, बेरीज १२५. म्हणजे प्रीमियम तोच धरला तर ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, सव्वा वर्षाचा प्रीमियम बुडाला. कंपनी जे देणार त्यातून हे वजा केलं तर हातात जे उरत होतं त्यासाठी चार वेळा ओटीपी मागायची काही गरज नव्हती, खिशातून केलं असतं तरी फार फरक पडला नसता. पण हा हिशेब क्लेमच्या आधी करायचा असतो, आणि आधी करायचे हिशेब मला नेहमी नंतर सुचतात. मी भावनेच्या भरात म्हणून गेलो, मामा, बोनसचं नुकसान दरवर्षी मी भरीन. मला वाटलं ते म्हणतील, अहो कशाला. म्हणालेही. "अहो कशाला," म्हणाले, आणि तो कागद घडी करून खिशात ठेवला.

गाडी मिळाली त्या दिवशी काम समाधानकारक झाल्याचं व्हाउचर सही करायला आलं. मामांनी सही केली, खाली लिहिलं होतं, साक्षीदार. सुपरवायझरने पेन माझ्याकडे दिलं. ज्याची पाठ होती, ज्याने काही पाहिलं नव्हतं, तो शेवटी साक्षीदार म्हणून कागदावर आला. मी पूर्ण नाव लिहिलं, ऐटीत, रेघेच्या बाहेर जाईल एवढं.

त्याला आता दोन वर्षं होत आली. रिन्यूअलची नोटीस आली की मामा तिचा फोटो मला पाठवतात, सोबत एक शब्द नाही, फक्त हात जोडलेला इमोजी. पहिल्या वर्षी बोनस शून्य, यंदा २०. अजून तीन हप्ते. मध्ये एक गोष्ट लक्षात आली ती कोणाला बोललो नाही. या पाच वर्षांत मामांनी स्वतःच कुठे गाडी ठोकली नि क्लेम केला, तर बोनस पुन्हा शून्य होणार, पण या वेळी त्यांच्या हाताने. मग माझा हिशेब तिथेच मिटला.

परवा गेलो होतो, तर मामा म्हणत होते, हल्ली संध्याकाळी जरा अंधुक दिसतं हो, रिव्हर्स घेताना भीती वाटते. मी म्हटलं छे हो मामा, तुम्ही तर किती छान चालवता.