किचनला ‘अडीचची वायर, बत्तीसची एमसीबी’? नको

गणपती जवळ आले की कोकणातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो: ‘1 चौरस मिलिमीटरला 10 अँपिअर धरा, म्हणजे अडीचच्या वायरला 25. तीच एक वायर किचनभर फिरवा. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडू लागली तर 32 ची बसवा. खाऱ्या हवेसाठी जाड वायर घ्या. पावसात आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) सारखी पडते, ती बायपास करा.’ एकेक मुद्दा बघू.

1 ला 10 अँपिअर. वायर जाड होते तसं तांबं भराभर वाढतं, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग त्या मानाने वाढत नाही. मेसेजच्या हिशेबाने 6 ची वायर 60 अँपिअर न्यायला हवी. प्रत्यक्षात पाईपात ती 41 च्या आसपास थांबते. अडीचचे 24 धरतात, तेही पाईपात एकच सर्किट आणि आजूबाजूला 30 अंश असतील तर. कौलांखालून गेलेल्या पाईपाला मे महिन्यात 40 अंश धरा, म्हणजे 24 ला 0.87 ने गुणा. त्याच पाईपात तीन सर्किटं कोंबली तर वर आणखी 0.7. उरले साडेचौदा. मेसेजमधल्या 25 पैकी!

32 ची एमसीबी. सर्वांत घातक सल्ला हाच. एमसीबी उपकरणासाठी नसते, भिंतीतल्या वायरसाठी असते. चाकरमानी आल्यावरची सकाळ घ्या: इंडक्शन 2000 वॅट, किटली 1500, मायक्रोवेव्ह ओढतो 1300, मिक्सर 750. बेरीज 5550 वॅट, म्हणजे 230 व्होल्टला 24 अँपिअर. 16 ची एमसीबी यावर काही वेळात पडते, आणि ती पडणं बरोबरच आहे. 32 ची मात्र ढिम्म हलणार नाही. तिला तासाभरात नक्की पडायला 46 अँपिअर लागतात. त्याखालच्या करंटवर वायर तापत राहते, हळूहळू इन्सुलेशन कडक होऊन तडकतं, आणि ते भिंतीआड असल्यामुळे कुणाला दिसत नाही.

एकच वायर सगळीकडे. इंडक्शनला 4 ची वेगळी वायर, 20 ची एमसीबी, 16 अँपिअरचं सॉकेट. ओट्यावरच्या बाकी सॉकेटना अडीच आणि 16 ची एमसीबी. किटली आणि मायक्रोवेव्ह शक्यतो वेगवेगळ्या सर्किटवर. फ्रिजला अडीचची स्वतंत्र वायर, नाहीतर किटलीमुळे एमसीबी पडते आणि संध्याकाळपर्यंत सुरमई वास मारते. अर्थिंगची वायर फेजच्याच जाडीची. एका पाईपात दोनपेक्षा जास्त सर्किटं नकोत. जुने वायरमन अजून ‘तीन बावीस’ (22 गेजच्या तीन तारांची वायर) म्हणतात. ती सव्वाच्याही किंचित खालीच भरते, किचनच्या पॉवर सॉकेटला चालत नाही.

खाऱ्या हवेला जाड वायर. वायर मधोमध फारशी सडत नाही. सडतो तो जोड. मालवण-गुहागरच्या किनाऱ्यावरच्या घरातलं सॉकेट उघडा: स्क्रूखाली तांबं हिरवट झालेलं, दोन-चार तारा तुटलेल्या, प्लॅस्टिक पिवळट. तिथे रोध वाढतो आणि पूर्ण करंट जाताना तेवढाच बिंदू भाजतो. करंट मर्यादेतच असल्यामुळे एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. वायर 4 ची केली तरी जोड तोच राहतो. उपाय साधे आहेत: मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांच्या) वायरच्या टोकाला मापाची फेरूल, म्हणजे तारा एकत्र धरणारी धातूची नळी, दाबून बसवा, मध्ये पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड ठेवू नका, आणि पावसाळा सरला की मेन बंद करून सॉकेटचे स्क्रू आवळून घ्या. हिरवं झालेलं टोक कापून नवं काढा. घासून भागत नाही.

आरसीसीबी बायपास. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी पावसात पडते कारण कुठेतरी करंट खरोखर गळतोय. बहुधा अंगणातला दिवा, पंपाचा पॉइंट नाहीतर गीझरचं एलिमेंट. शोधताना एक मेख असते: सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल अर्थला टेकला असेल तर त्या सर्किटची एमसीबी बंद करूनही आरसीसीबी पडत राहते, आणि मग दोष आरसीसीबीच्या माथी मारला जातो. आधी सगळे प्लग काढा. तरी पडली तर मेन बंद करून वायरमनकडून एकेका सर्किटची एमसीबी बंद ठेवून त्याचा न्यूट्रलही पट्टीवरून सोडवून घ्या. जो सुटल्यावर ती टिकते, गळती त्याच सर्किटमध्ये.