कूलर आणि कव्हर

खान्देशात जून महिन्यात बापाची गाठ दोन दुकानदारांशी पडते. एक कृषी केंद्रवाला, दुसरा स्टेशनरीवाला. मृग लागतं ७-८ जूनला, शाळा उघडते १५च्या आसपास, आणि खिसा एकच. कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पिशवीचा भाव निदान दिल्लीचं सरकार ठरवून देतं. दोनशे पानी वहीचा भाव ठरवणारा अजून जन्माला यायचाय.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जून सरता सरता उघडतात. आमच्या जळगाव-भुसावळचा पारा नागपूरला हार जात नाही, पण घंटा मात्र मुंबई-पुण्याबरोबर वाजते. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामाकडे गेलेली पोरं अक्षरशः ओढून आणावी लागतात. गणवेशाचं काम त्यातल्या त्यात लवकर उरकतं, कारण तिथे आपल्याला कुणी विचारतच नाही. "भाऊ, वाढतं अंग आहे, दोन इंच मोठाच न्या." घरी आल्यावर शर्टाच्या आत चिरंजीव आहेत ना, याची हाक मारून खात्री करून घेतली.

खरी कसोटी कव्हरांची. अनुदानित शाळेत पहिली ते आठवी बालभारतीची पुस्तकं फुकट मिळतात. ती पहिल्या दिवशी हातात पडतात आणि 'उद्या कव्हर घालून आणा' हा निरोपही त्यांच्याबरोबरच येतो. म्हणजे पुस्तक सरकारचं, रात्र बापाची.

आमच्या अमळनेरला जूनमध्ये दिवेलागणीलासुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो. कूलरशिवाय बसणं अशक्य. कूलर लावला की खाकी कागद उडून थेट देवघरात. बंद केला की कपाळावरचा घाम टपकन लेबलवर पडतो आणि 'इयत्ता चौथी'तली चौथी वाहून जाते. शेवटी सौ. कूलरकडे पाठ करून मध्ये उभी राहिली. वारा तिला, सूचना मला.

"अहो, कोपरा आधी आत घ्या."

"घेतलाय."

"तो पुस्तकाचा घेतलाय. कागदाचा घ्या."

तेवढ्यात चिकटपट्टीचं टोक हरवलं. ते नखाने खरवडत गोल गोल शोधायचं असतं, आणि घरातला प्रत्येक जण "द्या इकडे, मला सापडतं" म्हणतो. कुणालाच सापडत नाही. सापडलं तेव्हा कात्री गायब. ती पुढे परिसर अभ्यासाच्या कव्हरात निघाली.

आई ओसरीवरून बघत होती. "पोऱ्या शाळामा जाई ऱ्हायना का लगीनमा?" ती म्हणाली. "आमना टाइमले एकज पाटी व्हती, तीवर चार जन शिकी गयात." त्या पाटीला कव्हर नव्हतं, एवढ्याच मुद्द्यावर मला त्या चौघांचा हेवा वाटला.

लेबलं लावून झाली तेव्हा चिरंजीवांचा आक्षेप आला. गणितावर वाघ नको, वाघ परिसर अभ्यासाला हवा. बरोबरच होतं ते. पण चिकटलेलं लेबल काढणं म्हणजे कव्हर फाडणं, आणि कव्हर फाडणं म्हणजे कूलर पुन्हा बंद. वाघ गणितातच राहिला.

मग दप्तर भरलं. २०२३ साली पुस्तकांतच वहीची कोरी पानं घालून दप्तर हलकं करायची टूम निघाली होती. शाळांनी वेगळ्या वह्या मागितल्या त्या मागितल्याच. २०२५मध्ये कोरी पानं गेली, वह्या जागच्या जागी. दप्तराच्या राष्ट्रीय धोरणात म्हटलंय की वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. माझ्यासारख्याला असं काही वाचलं की करून बघावंसं वाटतंच. कापूस मोजायचा काटा खुंटीवरून काढला. मुलगा भरला बावीस किलो, म्हणजे दप्तराला मुभा दोन किलो दोनशे ग्रॅमची. त्यात आमच्या उन्हाला लिटरभराची बाटली लागतेच, तिचा एक किलो गेला. उरलेल्या बाराशे ग्रॅममध्ये मराठी, गणित, इंग्रजी, परिसर, कंपास आणि पोळी-भाजीचा डबा बसवायचा होता.

काट्याने दप्तराचं वजन दाखवलं चार किलो सहाशे.

"पप्पा, मग दप्तर कमी नका करू," काट्याकडे बघत चिरंजीव म्हणाले. "मलाच शेहेचाळीस किलोचा करा. आजी, रस उरलाय का गं?"