चार टक्के कसे सांभाळावेत

साहेब, खरेदी विभागाची खुर्ची मिळाली, अभिनंदन! मार्च आला की वरून विचारणा होईल, अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून किती घेतलंत? घाम फोडून घेऊ नका. केंद्राचं २०१२ चं खरेदी धोरण शांतपणे वाचा. केंद्राच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करायची, त्यातले ४ टक्के या मंडळींकडून. इथवर सगळेच वाचतात. तुम्ही पुढे वाचा. ते टेंडरला आलेच नाहीत, किंवा अटींत आणि दरात बसले नाहीत, तर ते ४ टक्के इतर लघु उद्योगांकडून भरून काढता येतात. लिहिणाऱ्याच्या तोंडात साखर पडो.

तेव्हा त्यांनी अटींत बसू नये, एवढंच पाहायचं. अनुभवाची आणि उलाढालीची अट लघु उद्योगांना शिथिल करा, असं परिपत्रक कुणीतरी नाकासमोर धरेल. ती सूट गुणवत्ता आणि तांत्रिक निकष सांभाळूनच द्यायची असते. गुणवत्ता म्हणजे काय, हे ठरवणार कोण? तुम्हीच की. हजेरीपटाचं साधं सॉफ्टवेअर घ्यायचं असलं तरी असं काम पाच राज्यांत केल्याचा दाखला मागा. अगदीच गळ्याशी आलं, तर कंपनीत ५१ टक्के हिस्सा त्या समाजाचा असला की कागद जुळतो. नेहमीचा ठेकेदार हे जाणून असतो. आपण आयटी कंपनीचे मालक झालो, हे त्याच्या ड्रायव्हरला बँकेत सही करताना कळतं.

मग वर्षातून एकदा मेळावा घ्या. हॉल आपल्या नाशिकात त्र्यंबक रोडला बघा, गाड्या लावायला बरं पडतं. फ्लेक्सवर ‘संधी’ हा शब्द मोठा आणि तुमचा फोटो त्याहून मोठा. भाषणाची सुरुवात २ मार्च १९३० पासून करा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह, बंद दार, बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड. टाळ्या हमखास. मात्र बोलता बोलता चालू आर्थिक वर्षात येऊ नका, तिथे आपलं दार लागतं.

अशाच एका मेळाव्यात मी तिसऱ्या रांगेत होतो. दिवा लावून झाला आणि प्रोजेक्टर रुसला. पडद्यावर नुसता निळा उजेड. मंचावरून हाक आली, “अरे, तो कॉम्प्युटरवाला पोरगा कुठंय?” पोरगा म्हणजे सातपूरला बारा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी चालवणारा गृहस्थ, वय अडतीस. तो उठला, वायर काढली, फुंकर मारून पुन्हा खोचली. ‘संधी’ पडद्यावर झळकली. त्याला शाल आणि नारळ मिळाला. त्याच्या कंपनीची माहिती सांगायला ठेवलेली दहा मिनिटं प्रोजेक्टरमध्येच गेली होती, मग सगळे मिसळीकडे वळले.

वडाळ्याचा एखादा मुसलमान तरुणही येईल. लासलगावच्या कांदा लिलावाचं अॅप केलंय, २०२७ च्या सिंहस्थात गर्दी मोजायचं काम मिळेल का म्हणेल. याची तर अजिबात चिंता नको, धार्मिक अल्पसंख्याकांसाठी या धोरणात टक्काच नाही. तरी रिकाम्या हाताने पाठवू नका, अल्पसंख्याक महामंडळाच्या कर्जाचा अर्ज द्या. काम मागायला आलेल्याला कर्ज देऊन पाठवण्यात एक वेगळंच औदार्य असतं.

आणि एवढं करूनही कुणी काम मिळवलं, वेळेत पुरंही केलं तर? २००६ चा कायदा म्हणतो, लघु उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्या. दिवस मोजायचे माल स्वीकारल्यापासून. पंधरा दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली, तर ती दूर होईपर्यंत माल स्वीकारला असं धरत नाहीत. म्हणून चौदाव्या दिवशी, जेवणानंतर, एक पत्र टाका: बोधचिन्हातला निळा रंग किंचित गडद वाटतो. त्याने फिका केला की महिनाभराने फार फिका वाटू द्या. तिकडे बारा जणांचे पगार एक तारखेलाच असतात, त्याला तुम्ही काय करणार!

मार्चअखेर तक्त्यात ‘इतर लघु उद्योगांकडून पूर्तता’ असं लिहा आणि पुढच्या मेळाव्याची पत्रिका छापायला टाका. सातपूरच्या त्या पोरालाही आठवणीने फोन करा. म्हणावं, येताना वायर घेऊन ये, आमची जरा ढिली आहे.