लसावि कुणी काढायचा?

अभिनंदन! मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तुम्हाला पहिल्या वर्षाचं गणित मिळालंय. पहिल्याच आठवड्यात तुम्ही पार्शल डिफरन्शिएशन सुरू कराल, वर्ग ते भक्तिभावाने उतरवून घेईल आणि तिसऱ्या बाकावरचा मुलगा वहीत १/२ + १/३ = २/५ असं लिहील. अंशात अंश, छेदात छेद. कसा सरळमार्गी मुलगा! हे तुमच्या नजरेस पडेल. पडू देऊ नका. बाकांमधून फिरायची सवय असेल तर आजच मोडा. फळ्याकडे तोंड करून शिकवणाऱ्याला रक्तदाबाचा त्रास कमी होतो.

तरीही दिसलंच, तर स्टाफरूम गाठा. तिथे चहासोबत दोष खाली सरकवायची जुनी परंपरा आहे. तुम्ही ज्युनिअर कॉलेजकडे बोट दाखवायचं. ते म्हणतील, आमच्या वर्गात मुलं होतीच कुठे, ती तर क्लासला. क्लासवाले म्हणतील, शाळेने काय शिकवलं? शाळा २००९च्या शिक्षण हक्क कायद्याकडे बोट दाखवेल: आठवीपर्यंत नापास करायचं नव्हतं ना! (२०१९च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला परीक्षेची मुभा दिली, पण ती अमलात येईपर्यंत ही मुलं सुटलेली.) शेवटी सगळं बालवाडीच्या ताईंवर येईल आणि त्या म्हणतील, घरी काही करून घेत नाहीत हो.

अगदीच रुखरुख लागली, तर ब्रिज कोर्स घ्या. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनेच (एआयसीटीई) २०२१ साली १४ विषयांची यादी काढली होती. त्यातले कोणतेही तीन घेऊन बारावी झाली, की इंजिनिअरिंगला पात्र. गणित-भौतिकशास्त्र राहिलं असेल तर ब्रिज कोर्स आहेच. आरडाओरडा झाल्यावर खुलासे आले, ते सोडा. कल्पना थोर होती. तुमचा ब्रिज कोर्स शनिवारी दुपारी ठेवा. कोणी येणार नाही, पण हजेरीपत्रक कमिटीला दाखवता येईल.

परीक्षेची काळजी नको. आयएमपी प्रश्न सांगा, जर्नल कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळतं, आणि तरीही राहिलं तर केटी आहे, म्हणजे नापास विषय मागे ठेवून पुढे जायची सोय. ‘अलाउड टू कीप टर्म्स’! पाया राहू द्या मागे, मजले चढवत चला. मुंबईत राहून एवढं कळू नये?

धोका एकच. बदलापूरहून लोकलने उभ्याने आलेली एक मुलगी शेवटच्या बाकावर असते. दहावीपर्यंत मराठी माध्यम. तुम्ही दोन महिने ‘डिनॉमिनेटर’, ‘एलसीएम’ म्हणत असता, ती मान खाली घालून बसलेली असते आणि तुम्ही तिची गणना ‘बेसिक्स नाहीत’ या खात्यात केव्हाच केलेली असते. एक दिवस ती अर्धवट उठून विचारते, “सर, म्हणजे छेदांचा लसावि काढायचा का?”

आणि तुम्ही हो म्हणायच्या आत तो काढूनही मोकळी होते. तोंडी. शेजारच्या २/५वाल्या मुलाला समजावूनही सांगायला लागते, मराठीत, आणि त्याला ते कळतंय असं दिसतं.

अशा वेळी डगमगू नका. घड्याळ पाहा, घसा खाकरा आणि “सायलेन्स प्लीज” म्हणून पुढचं थिअरम घ्या. सिलॅबस अजून निम्मा बाकी आहे.