शहराचे नाव, मालकाचा संघ

पुण्याला आयपीएलमध्ये पुन्हा स्वतःचा संघ मिळाला पाहिजे, हा विषय दर उन्हाळ्यात आमच्या घरच्या ग्रुपवर निघतोच. यंदा माझ्या भाच्याने तो लांबलचक मजकूर लिहून मांडला. मुंबईला संघ आहे, लखनौला आहे, गुजरातला आहे. मग गहुंज्याला एवढे मोठे मैदान असताना पुणेकरांनी दुसऱ्यांच्याच संघांसाठी टाळ्या का वाजवायच्या, असा त्याचा सवाल होता, आणि त्यासाठी सरकारने जमीन, करसवलत, रस्ते, जे लागेल ते द्यावे, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर माझ्या थोरल्या भावाने, ‘असले पांढरे हत्ती पोसायला आपल्याकडे पैसा नाही,’ एवढेच उत्तर दिले आणि चर्चा तिथेच थांबली.

मी २००३ पासून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. इथून ओकलंड लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत येते, आणि त्या ओकलंडने २०२४ मध्ये आपला बेसबॉलचा संघ गमावला. योगायोग असा की त्या संघाचे बोधचिन्हच पांढरा हत्ती आहे. भाचा आणि भाऊ या दोघांनाही मला जे सांगायचे आहे, ते या हत्तीच्या सव्वाशे वर्षांच्या प्रवासात जवळपास सगळे येऊन जाते.

अ‍ॅथलेटिक्स हा संघ १९०१ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क जायंट्सचे व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांनी, फिलाडेल्फियाच्या मालकांनी पांढरा हत्ती गळ्यात बांधून घेतला आहे, अशी टीका केली. अ‍ॅथलेटिक्सचे व्यवस्थापक कॉनी मॅक यांनी तो टोला मनाला लावून न घेता हत्तीलाच आपली खूण केले. मॅक १९०१ पासून १९५० पर्यंत, म्हणजे सलग ५० हंगाम, संघाच्या व्यवस्थापकपदावर राहिले. त्यांची मालकीतही भागीदारी होती. त्यांच्या काळात संघाने १९१०, १९११, १९१३, १९२९ आणि १९३० असे पाच वेळा जगज्जेतेपद मिळवले. मात्र पैशांची ओढाताण झाली की आपलेच उत्तम खेळाडू विकून गल्ला भरायचा, हा रिवाजही त्यांनीच पाडला. मंदीच्या वर्षांत लेफ्टी ग्रोव्ह, जिमी फॉक्स, मिकी कॉक्रन असे एकाहून एक सरस खेळाडू त्यांनी विकून टाकले, आणि त्यानंतर फिलाडेल्फियात हा संघ पुन्हा कधी उभा राहिला नाही. १९५४ मध्ये तो विकला गेला आणि १९५५ मध्ये कॅन्सस सिटीला हलला. तिथल्या १३ हंगामांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. एकाही हंगामात संघाचे विजय पराभवांपेक्षा जास्त झाले नाहीत. १९६० च्या अखेरीस चार्ली फिन्ली या विमा व्यावसायिकाने संघ घेतला आणि १९६८ मध्ये तो ओकलंडला आणला.

फिन्ली माणूस हिकमती होता. पांढऱ्या नि राखाडी कपड्यांच्या खेळात हिरवा आणि सोनेरी गणवेश त्यानेच आणला, मिशा वाढवणाऱ्या खेळाडूंना ३०० डॉलरचे बक्षीस त्यानेच लावले, आणि १९७२, १९७३, १९७४ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदे त्याच्याच मालकीत आली. पण खेळाडूंना पैसे देण्याची वेळ आली की त्याचा हात आखडायचा. करारातली एक रक्कम थकवल्यामुळे लवादाने कॅटफिश हंटर या त्याच्या सर्वोत्तम पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) १९७४ च्या अखेरीस बंधमुक्त केले, आणि दोन-तीन वर्षांत तो सुवर्णकाळातला संघ विस्कटून गेला. १९७९ च्या संपूर्ण हंगामात ओकलंडच्या मैदानावर सगळे मिळून जेमतेम तीन लाख सहा हजार प्रेक्षक आले. एप्रिलमधल्या एका रात्री तर, जिथे पन्नास हजार माणसे सहज बसतात अशा मैदानात, अवघी ६५३ माणसे होती. या शहराला बेसबॉलची आवडच नाही, असे तेव्हाही म्हटले गेले.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली, आणि ती मैदानावर घडली नाही. फिन्लीने संघ डेन्व्हरच्या एका धनाढ्य तेल व्यावसायिकाला विकायचा घाट घातला होता. तो व्यवहार अडला तो मैदानाच्या भाडेकरारापाशी. कराराची मुदत १९८७ पर्यंत होती, आणि शहराचा फुटबॉल संघ रेडर्स त्याच सुमारास लॉस एंजेलिसला निघालेला असल्यामुळे ओकलंड दुसरा संघ सोडायला तयार होईना. लोकांच्या मोर्च्यांनी किंवा पुढाऱ्यांच्या भाषणांनी जे झाले नसते, ते त्या करारातल्या एका कलमाने केले. फिन्लीला अखेर १९८० मध्ये स्थानिक खरेदीदार शोधावा लागला, आणि लिव्हाय स्ट्रॉस या जीन्सच्या कंपनीच्या हास कुटुंबाने १ कोटी २७ लाख डॉलरला संघ घेतला.

हास कुटुंबाने संघावर पैसा आणि लक्ष दोन्ही घातले. १५ ऑक्टोबर १९८१ ला याच मैदानावर क्रेझी जॉर्ज नावाच्या व्यावसायिक चिअरलीडरने प्रेक्षकांना एकेका विभागाने उठवून हात उंचावत बसवले. वानखेडेवर आपण जिला मेक्सिकन वेव्ह म्हणतो, त्या लाटेची ही पहिली पक्की नोंद आहे. १९८९ मध्ये खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्कोला हरवून संघ पुन्हा जगज्जेता झाला. ती मालिका तिसऱ्या सामन्याच्या आधी झालेल्या मोठ्या भूकंपामुळे दहा दिवस थांबली होती. १९९० मध्ये ओकलंडला सुमारे २९ लाख प्रेक्षक आले. तेच शहर, तेच मैदान, अकरा वर्षांत प्रेक्षक नऊपट. ‘लोक येत नाहीत म्हणून संघ जातो’ हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकले आहे की हे दोन आकडे मला पाठ झाले आहेत.

मात्र याच भल्या मालकाच्या हातून एक गोष्ट तोंडी विश्वासावर घडली, आणि ती पुढे ओकलंडच्या मुळावर आली. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सना सॅन होजेच्या बाजूला मैदान बांधायचे होते, म्हणून वॉल्टर हास यांनी १९९० मध्ये शेजारधर्म म्हणून त्या भागात संघ ठेवण्याचा हक्क त्यांना मोबदला न घेता दिला. जायंट्सचे मैदान तिथे झाले नाही, पण हक्क त्यांच्याकडेच राहिला. पुढे अ‍ॅथलेटिक्सला सॅन होजेला जायचे होते, तेव्हा जायंट्सनी तो सोडायला नकार दिला. सॅन होजे शहराने २०१३ मध्ये कोर्टात धाव घेतली, पण मक्तेदारीविरोधी कायद्यातून बेसबॉलला १९२२ पासून सूट आहे, या कारणाने ते हरले.

२००५ मध्ये संघ नव्या मालकांकडे गेला. त्यांतले जॉन फिशर हे गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव. या मालकांनी २००६ मध्ये आमच्या फ्रीमाँटमध्येच मैदान बांधायचे जाहीर केले. नंतर वॉर्म स्प्रिंग्ज भागातल्या जागेचा विषय आला, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी वाहतुकीच्या भीतीने कडाडून विरोध केला. त्यांच्या विरोधाच्या अर्जावर माझीही सही होती. आमच्यासारखी भारतातून आलेली कितीतरी कुटुंबे त्या विरोधात होती, आणि तो विरोध चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही, कारण रस्त्यांचे काय आणि खर्च कोणाचा, याचे सरळ उत्तर आम्हाला मिळाले नव्हते. २००९ मध्ये तो बेत बारगळला. ओकलंडच्या बंदराजवळच्या जागेची बोलणी २०१८ पासून चार-साडेचार वर्षे चालली, आणि ती चालू असतानाच एप्रिल २०२३ मध्ये लास वेगासची घोषणा झाली. जूनमध्ये नेव्हाडा राज्याने मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक पैसा मंजूर केला. नोव्हेंबरमध्ये लीगमधल्या सर्व संघांच्या मालकांनी ३० विरुद्ध ० अशा मतांनी स्थलांतराला संमती दिली. भाडेकराराची मुदत २०२४ च्या हंगामाबरोबर संपत होती. १९८० सारखे अडवून धरायला या वेळी ओकलंडच्या हातात काहीच नव्हते.

२०२३ च्या त्याच जून महिन्यात, १३ तारखेला, लोकांनी ‘उलटा बहिष्कार’ पुकारला. नेहमी रिकामे राहणारे मैदान मुद्दाम भरायचे आणि लोक यायला तयार आहेत हे दाखवायचे, अशी ती कल्पना होती. २७,७५९ माणसे आली. हिरव्या टीशर्टवर ‘विका’ एवढा एकच शब्द इंग्रजीत छापलेला होता, आणि ढोल बडवत लोक तोच शब्द मालकांना ऐकवत होते. संघ तो सामना जिंकला. मालकी मात्र बदलली नाही.

शेवटच्या सामन्याला, २६ सप्टेंबर २०२४ च्या गुरुवारी दुपारी, मी शेजारच्या निवृत्त पोस्टमन काकांबरोबर गेले होते. हे काका १९६८ चा पहिला हंगाम शाळेत असताना पाहिलेले. स्टेशनपासून मैदानापर्यंत जाळीच्या भिंतींचा लांब पादचारी पूल आहे. एरवी तिथे पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या विकणारे ओरडत असतात, त्या दिवशी मात्र माणसे हळूहळू, जाळीला हात लावत चालली होती. ४६,८८९ प्रेक्षक होते. याच शहरात वाढलेल्या रिकी हेंडरसनने, ज्याच्या १,४०६ बेस-चोऱ्यांच्या (पिचरची नजर चुकवून पळत पुढचा बेस गाठण्याच्या) जवळपासही कोणी पोहोचलेले नाही, संघाचा जुना पिचर डेव्ह स्ट्युअर्टबरोबर सलामीचा चेंडू टाकला. तीन महिन्यांच्या आतच रिकी वारला. संघाने सामना ३-२ असा जिंकला. नंतर मैदानाची निगा राखणारे कर्मचारी कठड्याशी उभ्या असलेल्या लोकांना पेल्यांतून मैदानाची लाल माती वाटू लागले. काकांनी चष्म्याचे घर रिकामे केले, त्यात ती माती भरून घेतली आणि घर खिशात घालून वर बटण लावले.

आता पुण्याकडे येते. भाच्याला आठवत असेल, पुण्याला दोनदा संघ मिळाला. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३ खेळला आणि मालक व क्रिकेट मंडळ यांच्यातल्या बँक हमीच्या वादात संपला. रायझिंग पुणे सुपरजायंट्स २०१६ मध्ये आला, तोच मुळी दोन वर्षांच्या बोलीवर. पहिल्याच वर्षी दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले, आणि दुसऱ्या वर्षी हा संघ अंतिम सामन्यात मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. त्यानंतर २०२१ मध्ये या संघाच्या मालक उद्योगसमूहानेच ७,०९० कोटींना लखनौचा संघ घेतला आणि ‘सुपर जायंट्स’ हे नाव तिथे नेले. पुण्याजवळ त्या दोन हंगामांचे जांभळे शर्ट तेवढे उरले.

याच्या शेजारी रणजी संघ ठेवून पाहा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ ला रणजी करंडक जिंकला. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. मुंबईने ४२ वेळा करंडक नेला, विदर्भाने गेल्या काही वर्षांत तीनदा. यातले काहीही कोणी उचलून दुसऱ्या राज्यात नेऊ शकत नाही, कारण हे संघ तिथल्या संघटनांचे, क्लबांचे, मैदानांचे आहेत. फिलाडेल्फियात मिळवलेली पाच आणि ओकलंडमध्ये मिळवलेली चार अजिंक्यपदे मात्र २०२८ मध्ये लास वेगासच्या नव्या मैदानावर झळकतील. रणजीचे सामने रिकाम्या स्टँडसमोर होतात हे मला मान्य आहे, आणि भाच्याच्या वयाच्या मुलाला संध्याकाळच्या दिव्यांतला खेळ हवासा वाटतो, यातही काही गैर नाही. त्या पुलावरून मीही वीस वर्षे आवडीनेच गेले आहे.

म्हणून भावाचे ‘नको’ मला पुरेसे वाटत नाही. मुंबईच्या परिसरात लाखभर प्रेक्षकांचे नवे मैदान बांधायच्या गोष्टी चालू आहेत. उद्या पुण्याच्या संघाचीही बोलणी निघतील. तेव्हा सरकारी जमीन किंवा पैसा लागणार असेल तर भाडेकरार किती वर्षांचा, मुदतीआधी संघ हलवल्यास भरपाई किती, संघ गेला तर नाव आणि रंग कोणाकडे राहणार, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. हे अशक्य नाही. १९९५ मध्ये क्लीव्हलंडचा फुटबॉल संघ बाल्टिमोरला न्यायचे ठरले, तेव्हा शहर भाडेकराराच्या जोरावर कोर्टात गेले आणि तडजोडीत नाव, रंग नि सगळा इतिहास आपल्याकडे राखून घेतला. १९९९ मध्ये नवा संघ त्याच नावाने तिथे उभा राहिला. आणि करार एकतर्फी असला तर काय होते, तेही ओकलंडनेच पाहिले आहे. १९९५ मध्ये रेडर्सना परत आणण्यासाठी शहराने आणि कौंटीने कर्जरोखे काढून मैदानावर एक प्रचंड नवा स्टँड चढवला. बेसबॉल बघताना मागे दिसणाऱ्या हिरव्या टेकड्या त्यामागे झाकून गेल्या. रेडर्स २०२० मध्ये लास वेगासला गेले, तरी त्या स्टँडचे हप्ते इथले करदाते भरतच राहिले.

ओकलंडमध्ये आता बॉलर्स नावाचा छोटा संघ आहे. २०२४ पासून तो वेस्ट ओकलंडच्या रायमोंडी पार्कमध्ये खेळतो. त्याने आपले समभाग चाहत्यांना विकले, दोन हजारांहून अधिक जणांनी ते घेतले, आणि संचालक मंडळावर चाहत्यांचा प्रतिनिधी बसतो. खेळ वरच्या दर्जाचा नाही, स्टँड लोखंडी सांगाड्यांचे आहेत. काकांनीही थोडे समभाग घेतले आहेत. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिथे गेलो होतो, तेव्हा खेळ सुरू होण्याआधी त्यांनी मला समभागाचा कागद दाखवला आणि त्यातले मतदानाच्या हक्काचे कलम बोटाने वाचून काढले.