३१ तासांत विदर्भ ओळखण्याची रीत

लग्नाला जरूर या. पत्रिकेवर ‘अगत्य येण्याचे करावे’ असं आम्ही मनापासून छापतो. आणि आलात की आमच्याबद्दल मत बनवल्याशिवाय जाऊ नका. मत न बनवता परतणारा पाहुणा म्हणजे बुंदी न खाता उठलेला पाहुणा, यजमानाच्या जिवाला घोर लागतो. गेल्या मे महिन्यात माझ्या पुतणीचं लग्न झालं. आतेबहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, पुण्याहून आले, येण्याजाण्यासकट ३१ तास राहिले, आणि चौथ्या दिवशी त्यांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘नागपूर-विदर्भ : पहिली नजर’ असा भलामोठा मजकूर टाकला. बावीस जणांनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले. त्यातले चार हात आमच्याच घरचे. तेव्हापासून वाटतंय, ही विद्या एकाच माणसाजवळ राहून चालायची नाही.

तर यायचं ते मे महिन्यातच. विमान सकाळी उतरलं तरी हॉटेलात पडून राहा आणि शहर बघायला दुपारी दोन वाजता बाहेर पडा. पारा ४५ ला टेकलेला असेल, सीताबर्डीत कुत्रंसुद्धा दुकानाच्या पायरीखाली गेलेलं असेल. लगेच लिहून घ्या, ‘शहर सुस्त आहे. दुपारी कुणी काम करताना दिसत नाही.’ (दुपारी एक ते चारचा विनोद मी करणार नाही. फार सोपा आहे.) सोबतचा पोरगा डोक्याला बांधायला दुपट्टा देईल, तो नको म्हणा, केस बिघडतात. मग झीरो माईलच्या दगडी घोड्यांसमोर सेल्फी काढताना चक्कर आली की तोच पोरगा धावत जाऊन कैरीचं पन्हं आणेल. ते पिऊन म्हणा, ‘साखर जास्त आहे.’

संत्री मागायला विसरू नका. मे महिन्यातच मागा. आंबिया बहाराचं संत्रं दिवाळीच्या आसपास येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि मे महिन्यात वरूड-मोर्शीकडचा, काटोल-नरखेडकडचा बागवाला टँकरनं पाणी घालून झाड जगवत असतो. पण हे सगळं कळलं तर ‘संत्र्यांच्या शहरात एक संत्रं मिळू नये!’ हे वाक्य लिहिता येणार नाही, आणि वाक्य तर झकास आहे. संत्री मेट्रोच्या खांबाला लागतात अशी समजूत ठेवून फिरा. परतताना संत्रा बर्फीचे चार डबे घ्या.

दीक्षाभूमी गाडीतूनच बघा आणि ‘मोठा घुमट’ एवढी नोंद पुरे. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथं काय झालं हे विचारायला खाली उतरावं लागलं असतं, आणि खाली ऊन होतं.

रिक्षावाला ‘कहाँ जाना है’ म्हणाला की मराठीची चिंता सुरू करा. नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती, त्या प्रांताचा कारभार हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांत चाले, १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानीपण सोडून हे शहर मुंबई राज्यात आलं, असली माहिती चिंतेच्या आड येते. शहरात मराठी बुडाली असं ठरवून झालं की गावात या आणि तीच मराठी तुम्हाला ‘किती गोऽड’ वाटू द्या. माझी आई चहाचा कप घेऊन विचारत होती, ‘काऊन जी जवाईबापू, चहा नाही घेत का?’ तिला हे तीनदा म्हणायला लावलं, व्हिडिओसाठी. पहिल्यांदा आवाज नीट आला नाही, दुसऱ्यांदा मागून बकरी ओरडली. तिसऱ्यांदा ती म्हणाली खरी, पण तोवर चहा गार झाला होता आणि तिच्या तोंडावरचं हसू बिछायतवाल्याच्या पडद्यासारखं नुसतं अडकवलेलं होतं.

‘भाजीवर सांबार टाकू का?’ असं कुणी विचारलं तर इडली कुठे आहे ते विचारा. कोथिंबीर आहे हे कळल्यावर दचका.

सावजी मटण मागा. शाकाहारी पंगतीत, बुंदी वाढणाऱ्या पोराकडे, मोठ्यानं.

विदर्भ म्हणजे नागपूर, हे एकदा पक्कं करून टाका. अकरा जिल्हे लक्षात ठेवायला वेळ कुणाला आहे? आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. नागपूरहून पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. पुण्याहून मुंबई त्यापेक्षा जवळ. तरी ‘तुमच्या नागपुरात ना’ असंच म्हणायचं. नाशिकच्या माणसाला ‘तुमच्या पुण्यात’ म्हणून बघा एकदा.

समृद्धीवर गाडी लागली की ‘रस्ते तर इतके चांगले आहेत, मग मागास मागास म्हणून का रडतात?’ हा प्रश्न ग्रुपसाठी राखून ठेवा. महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. फाट्यापासून आमच्या गावापर्यंतचा रस्ता सहा किलोमीटरचा आहे, आणि त्यावर गाडीला पाऊण तास लागला, पण तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. एवढ्या खड्ड्यांत झोप लागणं ही एक सिद्धीच, ती सल्ल्यानं येत नाही. सकाळी दारव्ह्याकडे जाऊन शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांवर फोटो काढा, खाली ‘जुन्या काळाचा गोडवा’ लिहा. यवतमाळ-मूर्तिजापूरचे ते रूळ गोऱ्या साहेबानं आमचा कापूस वाहून न्यायला टाकले होते. गाडी बंद पडली त्याला वर्षं झाली. गोडवा आहे खरा, रुळांत बाभळी उगवल्यात.

आता मुक्कामाचं. लग्नघरात खोली मिळाली तर तिच्यावर लिहिल्याशिवाय सोडू नका. भाऊजींना भावाच्या घरातली मागची खोली दिली होती. त्या घरात कूलर बसेल अशी खिडकी तेवढ्याच खोलीला आहे. कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरला होता, गाद्या बिछायत केंद्रातून निवडून आणल्या होत्या, वहिनीनं फरशी तीनदा पुसली होती. नवरदेवाच्या जानोशातही एवढी बडदास्त नव्हती, आणि नवरीची मैत्रिणींसह झोपायची सोय अंगणात होती. ‘पहिली नजर’मध्ये या खोलीवर एक वाक्य आहे : ‘खोलीत कसली तरी बारीक धूळ होती, रात्रभर अंगाला खाज सुटली, स्वच्छतेची जाणीव कमी वाटली.’

बरोबर आहे. खाज सुटणारच. त्या खोलीत डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत छताला टेकेल एवढा कापूस भरलेला होता. घरात भरून ठेवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी लेकराला कळतं. जिच्या लग्नाला तुम्ही आलात ती पोरगी लहानपणापासून उन्हाळाभर खाजवत झोपलेली आहे. घरात का भरून ठेवतात? छंद आहे म्हणून. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला ७,५२१ रुपये जाहीर झाला होता. जाहीर झालेला भाव आणि हातात पडलेला भाव यांच्यामध्ये आमचं सगळं आयुष्य जातं. सरकारी खरेदी केंद्रावर न्यायचा तर सातबाऱ्यावर पीकपेरा पाहिजे, नोंदणी पाहिजे, ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे, गाडीचं भाडं पाहिजे, आणि नंबर लागेपर्यंत गाडी तिथंच उभी. म्हणून भाऊ म्हणाला, जरा थांबू, भाव चढंल. डिसेंबर गेला, होळी गेली, केंद्रावरचा काटा बंद झाला. पण लग्नाची तारीख धरली की भाव धरून बसता येत नाही. दारात मांडवाचे बांबू पडलेले दिसले, की गावात फिरणाऱ्या व्यापाऱ्याला न सांगता कळतं, या घराला आता थांबता येत नाही. तो पाचशे कमीच सांगतो. वर म्हणतो, ‘पोरीचं लगन हाये म्हनून घेतो भाऊ, नाहीतर माल पिवळा पडला तुमचा.’ भावानं दिला. सगळा दिला. खोली रिकामी झाली म्हणून तुम्हाला मिळाली. जी खाज तुम्हाला सुटली तीच विकून तुमच्या पानातली बुंदी आली होती.

तरी हे चाललं असतं. खाजेवर मी हसलो होतो, खरं सांगतो. भावालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘जाऊ दे बाप्पा, पाव्हने हायेत थे.’

पण शेवटचा परिच्छेद मी त्याला वाचून दाखवला नाही. ‘एवढा मांडव, एवढ्या पंगती, बँड. आणि म्हणे शेतकरी आत्महत्या करतात. लग्नातला खर्च कमी केला तर अर्धे प्रश्न सुटतील.’

इथं मला सल्ला सुचत नाही.

भाऊजी, बँड नवरदेवाकडचा होता. तेवढं तरी विचारायचं होतं. मांडव जांभळाच्या डहाळ्यांचा होता, गावच्या पोरांनी आदल्या दिवशी तोडून आणल्या, कुणी पैसा घेतला नाही. गहू घरचा, तूर घरची, वांगी शेजाऱ्याच्या मळ्यातली, मोठे गंज आणि कढया बचत गटाच्या. पैसा गेला तो आचाऱ्याला, किराण्याला आणि तुमच्या पाण्याच्या बाटल्यांना, कारण आमचं कॅनचं पाणीही तुम्हाला चालेना. ज्या गावात आपण पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या दारी जेवलो, त्या गावाला एक दिवस आपल्या दारी जेवायला बसवायचं नाही, तर काय हिशोबाची वही दाखवायची?

आणि आत्महत्येचं म्हणता. १९ मार्च १९८६ ला आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं बायको आणि चार लेकरांसह जीव दिला. तिथं मांडव नव्हता. बँड नव्हता. कुणाचं लग्न नव्हतं. दरवर्षी १९ मार्चला लोक त्या घरासाठी एक दिवस जेवत नाहीत. तुम्ही आमच्या पंगतीत अर्धं पान टाकून उठलात, तेही आम्ही पाहिलं. कुणी काही बोललं नाही, कारण पाहुण्याला पानावर बोलत नसतात. पण ज्या गोष्टीतलं तुम्हाला काडीचंही ठाऊक नाही त्यावर दोन वाक्यांत निकाल लावायचा आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकायचं, याला नजर म्हणत नाहीत. याला उर्मटपणा म्हणतात. शिकलेल्या माणसाचा उर्मटपणा, म्हणून जास्त बोचतो.

तुमच्या मुलाच्या लग्नात मीही तीस तास पुण्यात होतो. त्या हॉलचं भाडं किती, हे आम्ही विचारलं नाही. माझी ७२ वर्षांची आई हातात ताट घेऊन रांगेत उभी होती आणि भरलेलं ताट घेऊन खुर्ची शोधत फिरत होती. पंगत नाही, आग्रह नाही, कुणी ‘बसा’ म्हटलं नाही. एका पोरानं तिला ‘आजी, साइडला व्हा’ म्हटलं, मागे व्हिडिओवाला होता. आम्ही गावी आलो आणि ग्रुपवर लिहिलं, ‘खूप सुंदर सोहळा, सर्व व्यवस्था उत्तम.’ आईनंच लिहायला लावलं.

तुमच्या मजकुराच्या शेवटी ‘ता. क. चार्जर राहिला आहे, कुरिअर करावा’ असं होतं. काल केला. आईनं त्याच डब्यात उन्हाळ्यातल्या मुगवड्या भरल्यात, तुम्हाला सोसवत नाही म्हणून बिनतिखटाच्या वेगळ्या घातलेल्या. मी तिखटाच्या टाक म्हणत होतो.